छातीतल्या मशीनची चाहूल: पेसमेकर किंवा आयसीडी घेऊन कोकणात राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१७ च्या पावसाळ्यात माझ्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसला. तेव्हापासून एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, एकदा तर सुतकाच्या घरी भेटायला गेलो होतो तिथेही लोक मला बाजूला घेतात आणि विचारतात, "मास्तर, मला असं असं होतं. तुम्हाला होतं का?" तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवत होतो. आयसीडीबद्दल (गरज पडली की हृदयाला शॉक देणारं मशीन) जे लिहिलंय ते आयसीडी असलेल्यांकडून ऐकलेलं आणि दर तपासणीला टेक्निशियनचं डोकं खाऊन मिळवलेलं. घाईत असाल तर आधी प्रश्न ११ आणि १५ वाचा.

१. पेसमेकर आणि आयसीडी वेगळं असतं का? वडिलांना नक्की काय बसवलंय तेच आम्हाला माहीत नाही.

वेगळं असतं. दोन्हींची डबी सहसा छातीच्या कातडीखाली असते आणि तिच्यातून वायर हृदयात जाते. हृदय हळू पडलं की पेसमेकर त्याला ठोका देतो. आयसीडीचं मुख्य काम उलट आहे: हृदय जीवघेण्या वेगाने धावू लागलं तर शॉक देऊन ती लय मोडायची. गरज पडली तर तो पेसमेकरचंही काम करतो. तिसरा प्रकार सीआरटी. हृदय अशक्त झालेल्यांना तो बसवतात आणि त्याला सहसा डाव्या बाजूसाठी एक जादा वायर असते. काही सीआरटींना शॉकची सोयही असते.

डिस्चार्जच्या वेळी मिळालेल्या कार्डावर कंपनी, मॉडेल आणि बसवल्याची तारीख असते. ते कार्ड कपाटात ठेवू नका. पाकिटात ठेवा आणि सगळ्या घरच्यांच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो असू द्या.

एक नेहमीचा गोंधळ: 'हार्ट ब्लॉक' म्हणजे 'ब्लॉकेज' नव्हे. ब्लॉकेज रक्तवाहिनीत असतं, त्यावर अँजिओप्लास्टी करतात. हार्ट ब्लॉकमध्ये विजेचा निरोप वरून खाली पोचत नाही. पेसमेकर फक्त दुसऱ्यावरचा इलाज आहे. त्यामुळे पेसमेकर असला तरी छातीत दुखलं तर ते दुखणं खरंच समजायचं.

२. मशीनचा ठोका आतून जाणवतो का?

बहुतेकांना नाही. पेसमेकरचा विजेचा स्पंद थोड्याच व्होल्टचा आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा असतो. जाणवतो तो हृदयाचा स्वतःचा ठोका. माझी नाडी ३४ वर आली होती, ऑपरेशननंतर ती ६० झाली. पहिले आठ दिवस घरात कोणीतरी सतत पाटा-वरवंटा चालवतंय असं वाटायचं. नंतर सवय झाली. तुमचं हृदय महिनोन् महिने मंद चाललेलं असेल तर असं होणारच.

३. रात्री डाव्या कुशीर निजलंय की कानात ठोके ऐकाक येतत. ह्यां बरां काय वायट?

बरां. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं आणि उशीवर दाबलेल्या कानाला नाडी ऐकू येते. मशीन नसलेल्यांनाही हे होतं, फक्त ते त्याकडे लक्ष देत नाहीत. उजव्या कुशीवर वळा. पण सपाट झोपल्यावर धाप लागत असेल, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप येत नसेल किंवा पाय सुजत असतील, तर ती गोष्ट वेगळी आहे. डॉक्टरांना लगेच कळवा.

४. जखम भरून सहा महिने झाले, तरी डबीच्या जागी टोचतं, कधी जड वाटतं. आत काही बिघडलं का?

टोचणं, खाज, थंडीत गारठ्याची जाणीव, पिशवीचा बंद किंवा ब्लाउजची पट्टी घासणं, हे वर्षभरसुद्धा चालू राहू शकतं. आमच्याकडच्या दमट हवेत घामाने खाज जास्त येते. सुती कपडा आतून घाला, एवढंच.

मात्र जागा लाल होणं, गरम लागणं, सुजणं, पाणी किंवा पू येणं, कातडी पातळ होऊन डबीची कड चकाकणं, ताप येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी ज्या हॉस्पिटलात मशीन बसवलं तिथे फोन करा. जंतू डबीवर बसले की नुसत्या गोळ्यांनी सहसा जात नाहीत, अनेकदा वायरींसकट सगळं काढावं लागतं. म्हणून त्यावर पाला वाटून लावू नका, शेकू नका आणि गावातल्या कोणालाही सुई घालून पाणी काढू देऊ नका. सुईबरोबरच जंतू आत जाऊ शकतात.

दुखणं डबीत नसून खांद्यात असेल तर बहुधा हात आखडलाय. पहिले चार ते सहा आठवडे कोपर खांद्याच्या वर नेऊ नका असं सांगतात. आपले लोक भीतीने हात वर्षभर पोटाशी धरून बसतात आणि खांदा जाम होतो. खांद्याखालच्या सगळ्या हालचाली पहिल्यापासून करायच्या असतात.

५. रोज रात्री साधारण एकाच वेळी मिनिट-दोन मिनिटं छाती धडधडते. करणी-बिरणी नाही ना?

हसू नका, हा प्रश्न मला तीन जणांनी विचारलाय. आणि चौथा मी स्वतः होतो.

ऑपरेशननंतर दुसऱ्या महिन्यात मला रात्री जाग येऊ लागली. छातीत चार-पाच जोरकस ठोके, मग जरा पोकळ वाटायचं, मग पुन्हा ठोके. उठून पाणी प्यायचो, ओटीवर येऊन बसायचो. आठ दिवस मी घरात कोणाला बोललो नाही. मग मास्तरकीची सवय म्हणून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने वेळा लिहायला लागलो: १.०२, १.०१, १.०२, १.०३. तपासणीला गेल्यावर टेक्निशियनने तो कागद बघितला आणि काही न बोलता स्क्रीनवरची एक ओळ दाखवली. माझं मशीन रोज रात्री एक वाजता स्वतःची परीक्षा घेत होतं. ठोका पडायला कमीत कमी किती व्होल्ट लागतात ते बघायला ते थोडा वेळ वेग वाढवतं आणि ताकद पायरीपायरीने कमी करत नेतं. त्यावरून ताकद ठरली की बॅटरी वाचते. बहुतेक जण त्या वेळी झोपलेले असतात, त्यांना पत्ताही लागत नाही. मी जागा होतो.

सगळ्या मॉडेलांत ही परीक्षा असते असं नाही आणि वेळही वेगवेगळी असते. फार त्रास होत असेल तर ती बंद करता येते किंवा तिची पद्धत बदलता येते. पण आधी वेळा लिहा. दर रात्री वेगळी वेळ येत असेल तर कारण दुसरं असणार, आणि मशीनच्या आठवणीत त्या वेळी काय चाललं होतं ते बघावं लागेल.

६. एसटीत बसल्याबसल्या धडधड सुरू होते, उतरल्यावर थांबते. गाडी लागते ती वेगळी, ही वेगळी. असं का?

तुमच्या मशीनमध्ये 'रेट रिस्पॉन्स' चालू असणार. चालायला लागलं की वेग आपोआप वाढावा यासाठी डबीत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. मोबाईल आडवा केला की चित्र फिरतं ना, तसलाच. त्याला तुमचे पाय दिसत नाहीत, फक्त हिसके कळतात. आपल्या रस्त्यांवर लाल परी खड्ड्यातून जाते तेव्हा त्याला वाटतं की मालक पळायला लागलेत, आणि तो ठोके ९०-१०० वर नेतो. यात धोका नाही. पुढच्या तपासणीत सेन्सरची संवेदना कमी करून घ्या. खड्डे बुजण्याची वाट बघण्यापेक्षा हे लवकर होतं.

याची दुसरी बाजू जास्त त्रासाची आहे. समुद्रावरून घरी येताना पाखाडी चढताना दम लागतो आणि तीच पाखाडी उतरताना छाती उगाच धावते, असं अनेकांनी सांगितलं. कारण तेच. चढताना आपण पाय सावकाश ठेवतो, हिसके कमी बसतात, म्हणून गरज असताना वेग वाढत नाही. उतरताना पाऊल दाणकन पडतं, मशीनला वाटतं मेहनत वाढली. टेक्निशियनला नुसतं "दम लागतो" म्हणू नका, "चढताना लागतो, सपाटीवर नाही" असं सांगा. काही मॉडेलांत श्वासावरून वेग ठरवणारा सेन्सरही असतो, तो चढाला जास्त बरा. एका डॉक्टरांनी तर मला वॉर्डच्या जिन्यावर दोनदा चढायला लावून मग सेटिंग केलं होतं. (नवीन बसवलेल्या मशीनवर असं करण्याआधी विचारा.)

७. शिमग्यात पालखी खांद्यावर घेतली तर चालेल का? आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढणं?

पहिल्या शिमग्यात नको. नंतर डॉक्टरांनी हो म्हटलं तर मशीन ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध खांद्यावर घ्या. दांडा डबीवर टेकला की कातडी सोलवटते आणि आतली वायर दबते. पालखी नाचवताना सेन्सर बेभान होणार हे गृहीत धरा (प्रश्न ६), थांबल्यावर काही मिनिटांत वेग खाली येतो. ढोल वाजवायला हरकत नाही.

रापणीचं उत्तर मला आवडणार नाही असं मिळालं होतं, तेच देतो. वायर गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून जाते. तोच खांदा वर्षानुवर्षं त्याच तऱ्हेने ओढत राहिला तर वायर तिथे चिरडू शकते. वर्षातून एकदा हौसेने हात लावणं वेगळं. पोटासाठी रोज ओढणाऱ्याने ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना आपला धंदा सांगावा, म्हणजे बाजू आणि वायरची वाट त्याप्रमाणे निवडता येते.

८. पोटाच्या वरच्या भागात उचकीसारखं उडतं, आणि तेही ठोक्याच्या तालावर. हे काय?

बहुधा विजेचा थोडा अंश बाजूच्या नसेला लागतोय. श्वासाचा पडदा हलवणारी नस हृदयाच्या कडेने जाते, त्यामुळे सीआरटीच्या डाव्या वायरीने हे जास्त होतं. खवणीवर वाकून नारळ खवताना किंवा डाव्या कुशीवर पडल्यावरच होतं, असंही लोक सांगतात. टेबलावर उताणं झोपवून तपासलं तर ते दिसतच नाही. म्हणून कुठल्या अवस्थेत होतं ते करूनच दाखवा. व्होल्ट कमी करून किंवा विजेची वाट बदलून पुष्कळदा जागच्या जागी थांबवता येतं, ऑपरेशन लागत नाही.

पोटाऐवजी छातीचा स्नायू डबीजवळ उडत असेल, किंवा मशीन बसवून थोडेच आठवडे झाले असताना हे अचानक सुरू झालं असेल, तर वायर सरकल्याची किंवा तिचं आवरण फाटल्याची शंका असते. पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. बरोबर चक्करही असेल तर थेट हॉस्पिटल.

आणि डबी कातडीखाली हाताला फिरते म्हणून तिच्याशी चाळा करू नका. फिरवून फिरवून वायर दोरीसारखी गुंडाळली जाऊन हृदयातून निसटलेल्या केस नोंदलेल्या आहेत. डॉक्टरांच्या भाषेत त्याला ट्विडलर सिंड्रोम असं नावही आहे.

९. मानेच्या शिरा उडतात, डोकं हलकं होतं, आधीपेक्षा जास्त थकवा येतो. मग मशीन बसवून उपयोग काय?

एकच वायर खालच्या कप्प्यात असली की कधीकधी वरचा आणि खालचा कप्पा एकमेकांची वाट न बघता आकुंचन पावतात. मधली झडप बंद असताना वरचा कप्पा दाबला जातो आणि रक्त उलटं मानेकडे उसळतं. याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. हे मनाचे खेळ नाहीत. "मशीन तर बरोबर चाललंय" एवढ्यावर समाधान मानू नका, हे शब्द वापरून विचारा. काहींचं सेटिंग बदलून भागतं, काहींना दुसरी वायर लागते.

वर्षानुवर्षं ठीक असताना हे अचानक सुरू झालं तर बॅटरीही बघायला हवी. बॅटरी बदलायची वेळ आली की काही मॉडेल वीज वाचवायला आपणहून साध्या पद्धतीवर जातात. ते शरीराला जाणवतं.

१०. मशीन ६० वर सेट आहे, पण ऑक्सिमीटर ४२ दाखवतो. बंद पडलं का?

बहुतेक वेळा नाही. मधूनमधून हृदय स्वतः एक अवेळी ठोका मारतं. त्यात रक्त कमी असतं, म्हणून तो बोटापर्यंत पोचत नाही आणि ऑक्सिमीटर तो मोजत नाही. मशीनला मात्र तो दिसतो आणि ते थांबतं. काही मशीनांत झोपेसाठी ५० चा वेगळा वेग ठेवलेला असतो, तेही विचारून घ्या. मनगटावरच्या घड्याळांनाही पेसमेकरचा ईसीजी नीट वाचता येईलच असं नाही.

शांत बसून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. तीन वेळा मोजूनही कमीच येत असेल तर जवळच्या दवाखान्यात साधा ईसीजी काढा. पेसमेकर ठोका देतोय की नाही हे त्यावर बऱ्यापैकी कळतं, त्यासाठी मुंबई लागत नाही. नाडी कमी आणि सोबत चक्कर किंवा धाप असेल तर मोजत बसू नका.

११. आयसीडीचा शॉक कसा असतो, आणि बसला तर काय करायचं?

हर्णैच्या एका खलाशाने सांगितलं: "बैलाने छातीत लाथ मारली असं वाटलं, आणि मी मागे वळून बैल शोधला." सेकंदाच्या आत संपतं. काहींना आधी चक्कर येते, काहींना काहीच सूचना नसते.

एकच शॉक बसला आणि पाच-दहा मिनिटांत बरं वाटलं: बसा, वेळ लिहा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

एका शॉकनंतर छातीत दुखतंय, धाप आहे, शुद्ध हरपली, किंवा २४ तासांत दोन वा जास्त शॉक बसले: १०८. स्वतः दुचाकीने जायचं नाही. "भरती उतरली की तरीने पलीकडे जाऊ" हेही नाही.

शॉकच्या वेळी तुम्हाला कोणी धरलेलं असेल तर त्याला फार तर झिणझिणी येईल, इजा होत नाही. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नसेल तर मशीन आहे म्हणून थांबू नका, छाती दाबायला लागा. डॉक्टर परवानगी देईपर्यंत वाहन चालवणं, एकट्याने होडीत जाणं, विहिरीत उतरणं, माडावर चढणं बंद.

प्रत्येक वेगाला शॉकच बसतो असं नाही. आयसीडी आधी भराभर बारीक ठोके देऊन लय मोडायचा प्रयत्न करतो. त्याने दुखत नाही, क्षणभर फडफड जाणवते. तिचीही वेळ लिहा.

१२. झोपेत शॉक बसला, मी ओरडून उठलो. पण मशीनमध्ये नोंदच नाही. मी खोटं बोलतोय का?

नाही. याला फँटम शॉक म्हणतात. आधी खरा शॉक बसलेल्यांमध्ये हे जास्त होतं, शरीराला तो मार आठवतो. नोंद तपासल्याशिवाय खरा-खोटा ठरवता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी तपासणी करायचीच. नोंद नसली तर सुटकेचा श्वास घ्या, पण भीती उरली असेल तर तिच्यावरही उपचार असतात, ते मागा. घरच्यांनी "उगाच घाबरतात" म्हणू नये. उलटही होतं: शॉक बसलेला असतो, पण कारण खोटं असतं. तुटकी वायर किंवा बाहेरची वीज (प्रश्न १४) यांना मशीन चुकून धोकादायक लय समजतं.

१३. आजीच्या छातीतून रोज सकाळी बीप ऐकू येतं. आम्ही आठ दिवस मोबाईल शोधत होतो.

काही कंपन्यांचे आयसीडी बीप देतात, काही थरथरतात. रोज ठरावीक वेळी आवाज आला तर ती सूचना असते: बॅटरी संपत आली, वायरीत दोष आला, किंवा असंच काही. ताबडतोब जीवाला धोका असतो असं नाही, पण त्याच दिवशी फोन करा. भजनाच्या मोठ्या स्पीकरजवळ गेल्यावरच बीप आला तर स्पीकरमधलं चुंबक कारण असू शकतं. बाजूला व्हा, आणि झालेलं कळवा. आयसीडीवर चुंबक आला की तेवढा वेळ शॉक देण्याचं काम थांबू शकतं, म्हणून मुद्दाम करून बघू नका. साधा पेसमेकर सहसा वाजत नाही.

१४. विहिरीवरचा पंप चालू करताना हाताला झिणझिण्या येतात. मशीनमुळे येतात का?

मशीनमुळे नाही, पंपामुळे. वीज गळतेय. जून ते सप्टेंबरमध्ये आमच्या वाडीत निम्म्या पंपांना हा रोग असतो आणि लोक चप्पल घालून बटण दाबतात. तुम्ही तसं करू नका. गळक्या विजेमुळे पेसमेकर क्षणभर ठोका द्यायचा थांबू शकतो, आणि आयसीडी ती वीज म्हणजे हृदयाची वेगवान लय समजून शुद्धीत असताना शॉक देऊ शकतो. बादलीतला हीटर रॉड आणि गीझर यांचंही तेच. अर्थिंग करून घ्या, ईएलसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच) बसवा, आणि तोवर पंप दुसऱ्याने चालू करावा.

बाकीच्यांची अंतरं थोडक्यात: मोबाईल १५ सेंमी लांब, म्हणजे मशीनच्या बाजूच्या वरच्या खिशात नाही. इंडक्शन शेगडी ६० सेंमी. ग्रासकटर किंवा होडीचं इंजिन छातीपासून ३० सेंमी. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह बिनधास्त वापरा. होडीच्या वेल्डिंगला स्वतः हात घालण्याआधी विचारा. एमआरआय मशीनच्या मॉडेलवर अवलंबून आहे, कार्ड दाखवल्याशिवाय आत जायचं नाही.

१५. मशीन तपासायला मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठावं लागतं. कशासाठी निघायचं आणि कशासाठी थांबायचं?

आमच्या सगळ्यांचा खरा प्रश्न हाच. रात्रीच्या गाडीने जायचं, दिवस घालवायचा, आणि "सगळं नॉर्मल" ऐकून परत यायचं, म्हणून लोक पुढच्या वेळी जातच नाहीत.

थांबता येतं: प्रश्न २, ३ (धाप आणि सूज सोडून), ५, ६ मधल्या गोष्टी आणि मशीन जुनं असताना येणारी, चक्कर नसलेली उचकी. फोन त्याच दिवशी: एक शॉक, बीप, डबीवर लाली, नव्याने स्नायू उडणं. जवळच्या हॉस्पिटलात लगेच: शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, नाडी कमी असून चक्कर, दोन शॉक.

मशीन वाचायचं यंत्र, म्हणजे प्रोग्रॅमर, कंपनीगणिक वेगळा असतो. एका कंपनीच्या प्रोग्रॅमरवर दुसरीचं मशीन दिसत नाही. म्हणून निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करून कार्डावरचं नाव वाचून दाखवा आणि "त्या कंपनीचा माणूस त्या दिवशी आहे का" हे विचारा. एकदा मी न विचारता गेलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या म्हणून ऐकलं. घरी लावायचा मॉनिटर (मशीनच्या नोंदी हॉस्पिटलला पाठवणारा) मिळाला असेल तर तो देवघराजवळ नाही, जिथे रेंज येते तिथे लावा. आमच्याकडे ती माडीवरच्या खिडकीत येते.

आणि वही. तारीख, घड्याळातली वेळ, काय करत होतो, बसलो होतो की वाकलो होतो, किती वेळ टिकलं. मशीनमध्येही वेळेसकट नोंदी असतात. दोन्ही जुळल्या की टेक्निशियनचं काम पाच मिनिटांचं होतं, नाहीतर तो शेकडो नोंदींत काय शोधणार?

१६. मला यातलं काहीच होत नाही. मशीन चालू आहे ना?

बहुधा उत्तम चालू आहे. तारखेला तपासून घ्या: पेसमेकर सहा महिने ते वर्षातून एकदा, आयसीडी तीन ते सहा महिन्यांनी. हा प्रश्न विचारणाऱ्या काकूंना मी हेच सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग इतके पैसे घालवले ते कळायला तरी नको का?"